ठरावात बंदूक लिहा

त्या वर्षी आमच्या सिडनीतल्या टूनगॅबीच्या घरात दोनच गोष्टी वेळेवर होत: सकाळी अकराची पत्रकार परिषद आणि कुकरची तिसरी शिट्टी. टीव्हीवर आज किती जण पॉझिटिव्ह सापडले ते सांगत आणि बाबा ते उभ्याने ऐकत, जणू त्यांचाच निकाल लागतोय. आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती, दर तीन दिवसांनी तिच्या नाकात काडी घालत, आणि घरी आल्यावर ती मागच्या दारी सगळे कपडे बादलीत टाकून मगच आत येई. मी अकरावीत होते. माझी शाळा डायनिंग टेबलाच्या एका कोपऱ्यावर, बाबांचं ऑफिस दुसऱ्या कोपऱ्यावर, आणि मध्ये कोथिंबीर निवडायला ठेवलेली. डोक्यावरून पोलिसांचं हेलिकॉप्टर घरघरत जाई. आम्हा वेस्टवाल्यांना, म्हणजे शहराच्या पश्चिमेला राहणाऱ्यांना, पाच किलोमीटरच्या बाहेर पाऊल टाकायची बंदी होती, आणि बातम्यांत मात्र समुद्राकाठच्या सबर्बमधले लोक वाळूवर कॉफी पीत बसलेले दिसत. "व्हायरसला पोस्टकोड वाचता येतो," बाबा म्हणत. बाबांचा हा विनोद आम्ही रोज ऐकला. आता साठी उलटल्यावर मीही तेच तेच विनोद करते आणि नात तसाच चेहरा करते.

एकदा आमच्या दारावर सैनिकही आले. आईच्या लॅबमधलं कुणीतरी पॉझिटिव्ह निघालं होतं, म्हणून आम्ही तिघं घरातच आहोत ना हे बघायला एक पोलीस आणि दोन सैनिक. बाबा धावत दार उघडायला गेले आणि हिरमुसून परत आले. सैनिकांच्या हातात बंदूक नव्हती. एकाच्या हातात खाण्याच्या सामानाचा खोका होता, दुसऱ्याच्या हातात यादी. "हाऊ आर यू गोइंग, मेट? ऑल गुड?" असं विचारून ते शेजारी गेले. बाबांनी ही गोष्ट त्याच दिवशी अमेरिकेला फोन करून नंदूमामाला सांगितली. मामा इतका हसला, की त्याला ठसका लागला. "तुमच्याकडे सैनिकाकडेही नाही? अरे, माझ्या शेजाऱ्याकडे चार आहेत. मेल आणणाऱ्याकडेही असेल."

नंदूमामा आईचा थोरला भाऊ. तरुणपणी या देशात, दुसऱ्या राज्यातल्या मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत शिकायला आला, मग सिडनीला नोकरी लागली, आणि आमच्या वेस्टच्या मराठी मंडळाची स्थापना ज्या पाच माणसांनी एका गॅरेजमध्ये केली त्यांतला तो एक. मी आणि त्याची मुलगी केतकी एकाच वर्षी जन्मलो, नऊ वर्षांच्या होईपर्यंत एकाच ताटात जेवलो. मग कंपनीने मामाला अमेरिकेला नेलं. तिकडे जाऊनही त्याचा जीव इथल्या मंडळातच होता. तिकडच्या मंडळात त्याला कुणी विचारत नव्हतं, इकडे तो संस्थापक होता. मामा उंचीने बेताचा, पित्ताचा त्रास असलेला, आणि झुरळ दिसलं की मामीला हाक मारणारा माणूस. आदल्या वर्षी महामारी आली तेव्हा तिकडच्या दुकानांतून दोन गोष्टी संपत आल्या होत्या, टॉयलेट पेपर आणि बंदुका. मामाने रांग लावून दोन्ही आणल्या. संरक्षणासाठी, म्हणाला. कुणापासून, ते त्याला नीटसं सांगता आलं नाही. टॉयलेट पेपरचं कारण निदान कळत होतं.

महामारीच्या त्या पहिल्या वर्षीच्या खंडेनवमीला घरच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला. पाटावर लाल खणाचा कपडा, त्यावर ती काळी लांबलचक रायफल, तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं, झेंडूची माळ, पुढे निरांजन. खाली लिहिलं होतं, शस्त्रपूजा. आजवर आमच्या घरी खंडेनवमीला विळी, सुरी, बाबांचा लॅपटॉप आणि स्क्रूड्रायव्हरचा डबा पुजत आलो होतो. त्यामानाने हा मोठाच सोहळा. फोटो तिथून मंडळाच्या ग्रुपवरही गेला, आणि दोन्हीकडे फुलांचा सडा पडला. झेंडू, गुलाब, कमळं, जोडलेले हात. मंडळाचे अध्यक्ष शिरोडकर काका, जे आमच्या ग्रुपवर मानाचे पाहुणे म्हणून होते, त्यांनी 'जय भवानी' लिहिलं. बाबांनी लिहिलं, 'वा! खरा मराठा!' आईने तीन कमळं टाकली. मीही एक गुलाब टाकला. माझा तो गुलाब मी नंतर शोधून काढून डिलीट करायचा प्रयत्न केला, पण मुदत टळली होती.

पुढच्या वर्षीचा, म्हणजे हेलिकॉप्टर घरघरत होतं त्या वर्षीचा, गणपती आम्ही घरातच शाडूचा केला, सोंड जरा जाड झाली. मोदकांच्या उकडीचा वास सगळ्या घरात होता, आई हाताला तूप लावून पाऱ्या करत होती, आणि फोन वाजला. मामी होती. केतकीच्या शाळेत गोळीबार झाला होता. केतकी जिवंत होती. तिच्या वर्गातले काही जण नव्हते. त्यांतली एक नोरा, केतकीची जिवाभावाची मैत्रीण.

नोरा मला व्हिडिओ कॉलवर माहीत होती. दातांना तारा, मोठ्याने हसणं, आणि केतकीच्या डब्यातल्या थालीपिठावर तिचा हक्क. त्या सकाळी तिने केतकीचा कॅल्क्युलेटर मागून घेतला होता, गणिताचा तास होता म्हणून. आता आमच्या मामीची सवय सांगायला हवी. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव घालून घेतात, तसं मामी घरातल्या प्रत्येक वस्तूवर केतकीचं नाव घालायची. डबा, पाण्याची बाटली, छत्री, आणि कॅल्क्युलेटरच्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर ठळक अक्षरांत नाव, आडनाव, घरचा फोन. हरवलं तर परत मिळावं म्हणून. शाळेजवळच्या ज्या हॉलमध्ये आईबापांना बोलावलं होतं तिथे मामा-मामीला बाजूच्या एका लहान खोलीत बसवलं. त्या खोलीत फक्त ज्यांची मुलं गेली त्यांना बसवत होते. एका मुलीच्या हातातल्या वस्तूवर केतकीचं नाव सापडलं होतं. अर्धा तास ते दोघं तिथे बसले. मग दुसऱ्या दारातून केतकी चालत आली, आणि तिच्याच पाठोपाठ नोराच्या आईबापांना त्या खोलीत आणलं. मामी म्हणते, त्यांना जागा द्यायला मी खुर्चीतून उठले, ते उठणं मला अजून जमलेलं नाही. मी हे लिहिताना दोनदा थांबले.

चारेक दिवसांनी केतकीचा मला फोन आला. ती तिच्या घरी नव्हती, मामीच्या मैत्रिणीकडे झोपत होती. "आय कान्ट स्लीप इन दॅट हाउस, सानू. इट्स देअर. इन द बेसमेंट." ज्या मुलाने गोळ्या झाडल्या त्याने बंदूक स्वतःच्या बापाच्या कपाटातून घेतली होती. केतकीने मामाला सांगितलं, आपली काढून टाक. मामा म्हणाला, आता तर जास्तच गरज आहे. "ही वोन्ट लिसन टू मी. मम्मीचंही नाही ऐकत. बट ही लिसन्स टू दोज अंकल्स इन टूनगॅबी." मंडळाने काहीतरी करावं, असं तिचं म्हणणं होतं. तिची शाळकरी मित्रमंडळी कडक कायदा मागायला राज्याच्या सभागृहासमोर जमणार होती, तिथे वाचायला ती जगभरातून पत्रं गोळा करत होती. मंडळाचं पत्र हवं, आणि त्या पत्राच्या निमित्ताने बापाला चार माणसांसमोर कुणीतरी सांगायला हवं. मी म्हणाले, मी बघते. सोळाव्या वर्षी 'मी बघते' म्हणणं किती सोपं असतं.

मंडळाची कार्यकारिणी बसली, म्हणजे आपापल्या घरी बसली, आणि बाबा कार्यवाह असल्याने ती आमच्या डायनिंग टेबलावरही बसली. पहिला प्रश्न असा, की बाप्पा बसलेले असताना शोकसभा घ्यावी का. अशुभ नको, असं ठरलं. विसर्जनानंतर लगेच पितृपक्ष, त्यात नाहीतरी कुणी शुभकार्य करत नाही आणि सगळे मोकळे असतात, तेव्हा पितृपक्षातला रविवार सर्वानुमते मंजूर झाला. मग ठरावाचा मसुदा. बाबांनी पहिल्यांदा लिहिलं, 'शाळेत झालेल्या गोळीबारात'. शिरोडकर काका म्हणाले, "गोळीबार जरा हार्श वाटतो." मग झालं 'शाळेतील हिंसाचारात'. कुणी म्हणालं, हिंसाचारात शाळेची बदनामी आहे. तिसऱ्या दिवशी मसुदा असा झाला: 'अमेरिकेत घडलेल्या दुर्दैवी प्रकाराबद्दल मंडळ तीव्र दुःख व्यक्त करत आहे.' पूर आला, की बस उलटली, की विषबाधा झाली, वाचणाऱ्याला पत्ता लागू नये याची पुरेपूर काळजी घेतली होती. "बंदूक का नाही लिहिलं?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "अगं, आपण सांस्कृतिक मंडळ आहोत. पॉलिटिक्समध्ये कशाला पडायचं? आणि तुझ्या मामाला कसं वाटेल?"

आमच्या कुंपणापलीकडे बॅरी राहायचा. ऐंशीच्या घरातला, एकटा, शेतावर वाढलेला. लॉकडाऊनमध्ये तो कुंपणावरून लिंबं द्यायचा आणि आई त्याला चिवडा. एका दुपारी बाबांनी त्याला सहज विचारलं, तुझ्याकडे होती का रे कधी बंदूक? होती की, बॅरी म्हणाला, वडिलांची, सशांसाठी. मग पंचवीसेक वर्षांपूर्वी इथे एकाने बंदुकीने पस्तीस जणांना मारलं, सरकारने कायदा केला, आणि लोकांनी रांगा लावून, भरपाई घेऊन बंदुका सरकारजमा केल्या. "हँडेड इट इन, मेट. गॉट अ चेक. बॉट दॅट." त्याने अंगणातल्या गंजक्या बार्बेक्यूकडे बोट दाखवलं. वडिलांची आठवण म्हणून वाईट नाही वाटलं? बॅरी म्हणाला, वाटलं ना, पण सॉसेजेस चांगली भाजली जातात. बाबांनी ही गोष्ट आम्हाला जेवताना इतकी रंगवून सांगितली, की आईने वाढायचं थांबवलं. मग हात धुऊन त्यांनी लॅपटॉप उघडला आणि ठरावात 'दुर्दैवी'च्या आधी 'अत्यंत' घातलं.

केतकीने मला वाचायला चार वाक्यं पाठवली होती. शोकसभेत 'एका विद्यार्थिनीच्या भावना' असा कार्यक्रम ठेवला होता, त्यात मी ती वाचायची. इंग्रजीत होती, इथे मराठीत देते. नोरा माझ्या शेजारी बसायची आणि तिला माझ्या डब्यातलं थालीपीठ आवडायचं. मला तिची रोज आठवण येते. बंदुका इतक्या सहज कुणाच्याही हाती लागू नयेत असा कायदा व्हावा म्हणून आम्ही उभे राहणार आहोत, तुम्ही आमच्यासोबत या. आणि चौथं: माझ्या बाबांकडेही एक आहे, तिच्यावर तुम्ही सगळ्यांनी फुलं टाकलीत, आता तुम्हीच त्यांना सांगा की ती आमच्या घरातून बाहेर काढा. तिसरं वाक्य शिरोडकर काकांनी काढलं. भावना चालतील, मागणी नको, म्हणाले. चौथं आईने काढलं. ती माझ्या खोलीत आली, पलंगावर बसली, आणि हळू आवाजात म्हणाली, "दादाला लोकांसमोर खाली मान घालायला लावू नकोस, सानू. तो आधीच मेल्यासारखा झालाय." मी हो म्हणाले. कुणी जबरदस्ती केली नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे अनेक वर्षं मी ही गोष्ट सांगताना आईवर ढकलत आले.

रविवारी सकाळी दहाला सभा सुरू झाली, तिकडे शनिवारची संध्याकाळ. फुकटची मीटिंग चाळीस मिनिटांत आपोआप बंद पडायची, त्यामुळे काकांनी मिनिटांसह कार्यक्रमपत्रिका केली होती. तरी पहिली बारा मिनिटं 'माझा आवाज येतोय का' यातच गेली. एकाचा कॅमेरा छताकडे होता, आम्ही सगळ्यांनी त्याचा पंखा पाहिला. एका काकूंनी पांढरी साडी नेसली होती आणि पाठीमागे गेल्या कार्यक्रमातलं ताजमहालाचं चित्र तसंच राहिलं होतं. मामाच्या चौकटीत मामा आणि सभेपुरती घरी आलेली केतकी शेजारीशेजारी होते. मामाने झब्बा घातला होता. केतकी खूप बारीक झाली होती. शिरोडकर काकांनी संस्थापक सदस्य म्हणून मामाचं स्वागत केलं आणि बोलण्याच्या भरात त्याच्या 'मराठी बाण्या'चा उल्लेख केला. ठराव वाचला गेला. अत्यंत दुर्दैवी. मग दोन मिनिटं शांतता, सर्वांनी म्यूट व्हावे.

सगळे म्यूट झाले, एक शिरोडकर काका सोडून. शांतता संपली हे सांगायचं त्यांना होतं, तेव्हा त्यांचा माइक चालू राहिला. आणि त्यांच्या पाठीमागच्या खोलीत शिरोडकर काकू गणपतीच्या आराशीचे फुगे उतरवत होत्या. सोमवारी कचऱ्याची गाडी येणार, फुगलेले फुगे बिनमध्ये मावत नाहीत, म्हणून त्या सेफ्टी पिनने एकेक फोडत होत्या.

फट्.

केतकी चौकटीतून नाहीशी झाली. खुर्ची फिरत राहिली. पुन्हा फट्. आणि तेव्हा मामाने जे केलं ते आम्ही चाळीस घरांनी पाहिलं. त्याची रायफल तळघरात होती, नंबरच्या कुलपात, तो नंबर मामीला माहीत होता, मामाला कधीच लक्षात राहायचा नाही. त्याला ती आठवलीही नाही. तो थेट टेबलाखाली गेला, आणि धक्क्याने त्यांचा कॅमेरा खाली झुकला. झब्ब्याखाली त्याने हाफ पँट घातली होती, एवढंच दिसलं, आणि मग त्याची पाठ, केतकीच्या अंगावर पसरलेली. तिसरा फुगा फुटला. मामाची पाठ थरथरली. काका किंचाळले, "अगं ए, थांब! थांब जरा!" आणि आतून काकूंचा आवाज आला, "दोनच राहिलेत!"

अशा वेळी आपल्या माणसांना कार्यक्रमपत्रिका आठवते. काकांनी सगळ्यांचे माइक उघडले आणि घसा खाकरून म्हणाले, "यानंतर... एका विद्यार्थिनीच्या भावना. सानिका, बोल बेटा." आणि मी बोलले. मला आजही कळत नाही, पण समोर ती रिकामी खुर्ची दिसत असताना मी कागद घेतला आणि दोन वाक्यं वाचली. थालीपिठाचं आणि आठवणीचं. वाचून कागदाची घडी केली.

टेबलाखालून केतकीचा आवाज आला. "सानू, देअर वेअर टू मोर."

आई माझ्या शेजारी बसली होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्या हातातली घडी घेतली, उलगडली आणि परत माझ्या हातात दिली. मी तिसरं वाचलं. मग चौथं वाचलं, तिच्यावर तुम्ही सगळ्यांनी फुलं टाकलीत, यासकट शेवटपर्यंत. त्यानंतर जी शांतता झाली तिला कुणी घड्याळ लावलं नव्हतं. मग मामाच्या पाठीखालून नाक ओढल्याचा आवाज आणि मग मामा. "शिरोडकर."

"बोला, नंदूशेठ."

"ठरावात बंदूक लिहा. आणि माझी, माझी मी..." एवढ्यात चाळीस मिनिटं संपली आणि स्क्रीन काळी झाली.

बाबांनी त्याच दुपारी ठराव नव्याने लिहिला. या वेळी कार्यकारिणी बसली नाही, बाबा एकटेच बसले, आणि कुणी 'हार्श' म्हटलं नाही. सरळ लिहिलं, की मुलांना बंदुकीने मारलं, बंदूक घरातल्या कपाटातून आली, कायदा बदला. आमच्याकडे बदलला आणि आमचे शेजारी आता तिच्याऐवजी सॉसेज भाजतात. बॅरीचं नाव घातलं नाही, पण बार्बेक्यू घातला. केतकीने ते पत्र सभागृहाच्या पायऱ्यांवर वाचलं. टूनगॅबीचा उच्चार तिने बरोबर केला, सात वर्षांनीही. त्या पत्राने तिकडच्या पुढाऱ्यांना पाझर फुटला असं लिहायला मला फार आवडलं असतं. पुढारी तेव्हा आमच्या पहिल्या ठरावाच्या भाषेत बोलत होते, अत्यंत दुर्दैवी, आणि तिकडे पुढे काय झालं ते वाचणाऱ्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

तीन आठवड्यांनी खंडेनवमी आली. निर्बंध नुकतेच उठले होते, बाबा केस कापून आले होते, आई विळीला हळदीकुंकू लावत होती. घरच्या ग्रुपवर मामाचा फोटो आला. तोच पाट, तोच लाल खण, निरांजन. रायफल नव्हती. तिच्या जागी कागद होता, पोलिसांत शस्त्र जमा केल्याची पावती, कोपऱ्यावर कुंकवाचं बोट. बाबा आधी हसले. "पावतीची पूजा! नंदूच करू जाणे." मग त्यांनी फोटो मोठा केला आणि हसायचे थांबले. पावत्या दोन होत्या. दुसरी लहान होती, त्याच शिक्क्याची. पुरावा म्हणून ठेवलेली वस्तू: कॅल्क्युलेटर, एक. मालकाचं नाव: केतकी. मामीने नाव घातलं होतं म्हणून ती वस्तू हरवली नव्हती.

ग्रुपवर सगळ्यांनी फोटो बघितला असणार, निम्मे जण ऑनलाइन दिसत होते. ज्यांनी गेल्या वर्षी सडा घातला होता त्यांतला एकही जण काही लिहीना. दहा मिनिटं गेली, वीस मिनिटं गेली. आईने विळी खाली ठेवली, कुंकवाने माखलेल्या बोटांनी फोन उचलला आणि त्या गप्प ग्रुपकडे बघत म्हणाली, "मेल्यांनो, आता टाका की फुलं."